पेवावरचा दगड

१

पेवाचं झाकण बंद आहे, हे सगळ्यात आधी लोहाराच्या लक्षात आलं आणि तो वैतागला. त्या सकाळी नवा गहू पेवात भरायचा होता, तोही पाहुण्यांसमोर. त्यासाठी आदल्या दिवशी पेव झाडून उघडं ठेवायचं, आत हवा खेळू द्यायची, असं सगळ्यांच्या देखत ठरलं होतं. आणि इथे तर लाकडी झाकण जागच्या जागी बसवलेलं, कडेने माती लिंपलेली आणि वर तो थोरला दगड.

“कोणाचा शहाणपणा हा?” तो संचालकांना म्हणाला. “आता उकरत बसा.”

“उकरा, पण लवकर. पहिली बस यायच्या आत,” संचालक म्हणाले आणि त्यांनी सवयीने चष्मा काढून पुसला.

शहराबाहेर टेकडीच्या उतारावर वसवलेलं हे ‘जुनं गाव’ म्हणजे एक संग्रहालय होतं. कपाटात भांडी मांडून ठेवणारं नव्हे, चालतंबोलतं. पाडायला निघालेली जुनी घरं ठिकठिकाणहून सुटी करून आणायची आणि इथे पुन्हा उभी करायची, असं करत करत हे गाव झालं होतं. तिकीट काढून आत शिरलं की जुन्या काळचे कपडे घातलेली माणसं आपापल्या कामात दिसत. लोहार घण घाली, शेतकऱ्याची सून चुलीशी असे, ओसरीवर आजोबा दोर वळत आणि आजी धान्य निवडत बसे. झाडांत लपवलेल्या स्पीकरमधून कोंबडे आरवत, बैलांच्या घंटा वाजत. संध्याकाळी फाटक बंद झालं की हीच माणसं शर्ट-पँट चढवून बसने आपापल्या फ्लॅटवर जात.

पेव होतं शेतकऱ्याच्या घराच्या अंगणात. जमिनीत खोदलेलं, रांजणासारखं, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस. लोहाराने दगडाखाली पहार घातली, जोर लावला, तशी धोंड कलंडून बाजूला पडली. माती फोडून त्याने झाकण उचललं. आंबूस, कोंदट वास भस्सकन वर आला.

“बॅटरी द्या,” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

पेवाच्या तळाशी आजोबा भिंतीला टेकून बसले होते. मान छातीवर पडली होती. हातात लांब दांड्याचा झाडू तसाच होता.

मग लोहार पुटपुटला, “साहेब, माती बाहेरून लिंपली होती.”

२

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरांना खात्यात ‘चाळणी’ म्हणत. समोरचा जे बोलेल ते सगळं ते ऐकून घेत, मान हलवत, आणि त्यातला बारीकसा खडा तेवढा मागे ठेवून घेत. बरोबर त्यांचा नेहमीचा हवालदार होता, पोटाचा घेर सांभाळत चालणारा.

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. “मारहाणीची खूण नाही. तळाशी गेल्या वर्षीचा गहू ओलावून आंबलाय, त्याची वाईट हवा खाली साठलेली. झाडायला उतरला, चक्कर येऊन पडला. पण एवढ्याने गेला नसता. शुद्धीवर आला होता तो, बोटांची सालं निघालीत. झाकण बंद झालं म्हणून संपला. काल दुपारनंतर कधीतरी.”

चाळणीसाहेबांनी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूने लाकडाचे ताजे टवके उडाले होते. झाडूचा दांडा खालून पुन्हा पुन्हा आपटल्याचे.

“मग ओरडला का नाही?” हवालदाराने विचारलं.

“कशाने ओरडणार?” संचालक म्हणाले. “घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. कुजबुजल्यासारखं बोलायचे. म्हणून तर त्यांना दोर वळायचं काम दिलं होतं. त्यात बोलावं लागत नाही.”

चाळणीसाहेब अंगणात फिरले. पेवात उतरायची दोराची शिडी गोठ्याच्या भिंतीवर खुंटीला टांगली होती, छान गुंडाळून. पेवाच्या तोंडाशी सांडलेले दाणे कोणीतरी सुपात गोळा करून ठेवले होते. जमीन झाडलेली होती.

“जीव घेऊन मागून केर काढणारा माणूस मी अजून पाहिला नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी दगडाकडे बोट दाखवलं. “हलवून बघ.”

हवालदार लालबुंद झाला, पण दगड काही जागचा हलला नाही.

पेवाशी एक बाई मातीत बसली होती. पस्तिशी-चाळिशीची, डोळे सुजलेले. संग्रहालयातली ही ‘सून’ म्हणजे खरं तर मेलेल्या आजोबांची लेक. फुटलेल्या लिंपणाच्या ढेपा ती एकेक उचलत होती आणि मुठीत चुरत होती.

“भान नाही बिचारीला,” हवालदार हळूच म्हणाला.

ओसरीवर तिची आई धान्य निवडत होती. चाळणीसाहेब जवळ गेले तशी ती प्रसन्न हसली.

“बसा ना. हे बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात. जेवूनच जा.”

साहेबांनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी त्यांना बाजूला नेलं. “आजींना काही आठवत नाही. चार वर्षं झाली. त्या अशाच घरात वाढल्या, अशाच घरात नांदल्या. शहरातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर आक्रोश करायच्या, घरी न्या म्हणून. आजोबा त्यांना एकदा इथे फिरायला घेऊन आले आणि त्या या ओसरीवर गप्प बसल्या. दुसऱ्याच दिवशी म्हातारा नोकरी मागायला आला. बाकी सगळे इथे नाटक करतात हो, आजी तेवढ्या खऱ्या आहेत. लोक म्हणतात, काय अभिनय आहे!”

“आजोबांशी कोणाचं वाकडं?”

संचालक घुटमळले. चष्मा पुन्हा पुसला गेला.

“परवा लोहार भर अंगणात त्यांच्यावर ओरडला. म्हणाला, एक दिवस तुम्हालाच पेवात घालतो.”

३

“बोललो,” लोहार म्हणाला. “नाही कुठे म्हणतोय?”

भट्टी थंड होती. भल्या मोठ्या अंगाचा तो माणूस ऐरणीवर बसला होता.

“परवा आजी भट्टीत शिरल्या आणि निखाऱ्यात हात घालायला निघाल्या. चूल समजून. मी धरलं म्हणून वाचल्या. माझं डोकं फिरलं. आजोबांना म्हटलं, बायकोला सांभाळता येत नाही तर आणता कशाला? त्यांनी नुसते हात जोडले. त्याने मला आणखीच राग आला. मग तोंडाला येईल ते बोललो.”

“काल दुपारी कुठे होतात?”

“इथेच. बस भरून पाहुणे आले होते. गाईडबाई घेऊन आल्या. आल्या आल्या सगळ्यांना हात धुवायला पाणी पाहिजे. माझी लोखंड विझवायची कुंडी, तिच्यात हात बुचकळून नुसतं गढूळ करून टाकलं. आणि एक जाडा गृहस्थ म्हणतो, मला उंदराचा पिंजरा बनवून द्या, तुमच्या गावात उंदीर फार. लोक हसले. मी म्हटलं, हसा. पगार त्याचाच मिळतो.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर फाटक बंद होईपर्यंत घण. सगळ्यांनी ऐकला असेल.” तो थांबला. “साहेब, माझ्या पोरीच्या झोक्याचा दोर त्यांनी वळून दिला होता. मी त्यांची माफी मागणार होतो. आज. गहू भरून झाला की.”

त्याने तोंड फिरवलं. चाळणीसाहेबांनी त्याची पहार उचलून पाहिली आणि ती घेऊन ते अंगणात परत गेले. दगडाच्या बुडाशी पहारीचा एकच ताजा व्रण होता, सकाळी कलंडवला त्या बाजूचा. ते दगडाभोवती वाकून वाकून फिरले. दुसरा व्रण कुठेच नव्हता.

“म्हणजे काल हा पहारीने ठेवलेला नाही,” ते हवालदाराला म्हणाले. “हातांनी उचलून ठेवलाय, अगदी अलगद.”

“एकट्याचं काम नाही ते. लोहारालाही झेपणार नाही.”

“नाही झेपणार. निदान चारपाच माणसं पाहिजेत.”

“पण साहेब, काल कामावर होतीच किती माणसं? कुंभार सुट्टीवर, संचालक शहरात मीटिंगला. चक्कीवाल्याचा हात गळ्यात बांधलेला. चारपाच जण आणायचे कुठून?”

चाळणीसाहेब दगडाचं बूड बघत होते. तिथे लिंपणाची एक ढेप चिकटून राहिली होती आणि तिच्या कडेने अंगठ्याने दाबलेले खळगे होते. एकसारखे, शेजारी शेजारी, कोणीतरी सावकाश आणि मनापासून उमटवलेले.

४

गाईडबाई बोलक्या म्हणून प्रसिद्ध होत्या. घराच्या एका खिळ्यावर त्या पाहुण्यांना अर्धा तास खिळवून ठेवत. आज मात्र संचालकांच्या खोलीत त्या प्रश्नाला प्रश्नापुरतं उत्तर देत होत्या.

“काल दुपारी पाहुण्यांना कुठे कुठे नेलंत?”

“चक्की. मग भट्टी.”

“शेतकऱ्याचं घर?”

“नाही. तिथे आज गहू भरायचा होता ना. म्हटलं, तयारीत लुडबुड नको.”

“आजोबा शेवटचे कधी दिसले?”

“सकाळी.” त्यांनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “जाऊ मी?”

त्या गेल्यावर संचालक स्वतःहून आत आले आणि दार लावून घेतलं.

“एक गोष्ट मी मघाशी सांगितली नाही. पुढच्या महिन्यापासून आजींना आणू नका, असं मी आजोबांना कळवलं होतं. त्या निखाऱ्याच्या प्रकारानंतर. उद्या काही झालं असतं तर संग्रहालयाला टाळं लागलं असतं. ते माझ्यासमोर या खुर्चीत बसले होते. म्हणाले, ती इथे नसली की मी काय करू? मला त्यांचं बोलणं नीट ऐकूही आलं नाही. मी पुन्हा विचारलं. तेच वाक्य त्यांना दोनदा म्हणावं लागलं.”

“त्यांच्या लेकीचं काय म्हणणं होतं?”

“तिने एक संस्था बघून ठेवली होती, आजींना ठेवायला. बापलेकीचं त्यावरून काल जेवताना वाजलं, असं चक्कीवाला सांगत होता.”

तेवढ्यात दार उघडलं. लेक उंबऱ्यात उभी होती. हात कोपरापर्यंत मातीचे.

“कोणाला उगाच विचारत बसू नका,” ती म्हणाली. “मीच केलं.”

५

चाळणीसाहेबांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

“चार वर्षं मी झोपले नाही, साहेब. रात्री आई दार उघडून बाहेर पडते. नवरा कंटाळून सोडून गेला. बाबा म्हणायचे, संस्थेत टाकू देणार नाही. काल भांडण झालं आणि ते रागाने पेव झाडायला उतरले. मी वरून बंद केलं. आणखी काय सांगू?”

“शिडी?”

“अं?”

“दोराची शिडी. तिचं काय केलंत?”

“आतच टाकली.”

“बरं. आणि दगड?”

“ढकलला.”

ते तिला अंगणात घेऊन गेले. “ढकला बरं एकदा.”

तिने दोन्ही हात टेकले. पाय मातीत रोवले. जोर लावता लावता ती रडायला लागली, तरी ढकलत राहिली. शेवटी चाळणीसाहेबांनीच तिला खांद्याला धरून बाजूला केलं.

“शिडी खुंटीवर आहे, बाई. गुंडाळून ठेवलेली. सकाळपासून तुमच्या डोक्यावर टांगलीय ती, तुम्ही पाहिलीसुद्धा नाही. तुमचं सगळं लक्ष मातीत होतं. तुम्ही एकेक ढेप चुरत होतात. मला आधी वाटलं, दुःखाने. पण तुम्ही अंगठ्याच्या खुणा पुसत होतात.” त्यांनी दगडाच्या बुडाची ढेप दाखवली. “ही एक राहिली.”

ते घरात शिरले. स्वयंपाकघरात मातीची चूल होती, नुकतीच लिंपलेली. तिच्या कडेने तेच खळगे होते. एकसारखे, शेजारी शेजारी.

“ही चूल कोण लिंपतं?”

लेकीने तोंडावर हात घेतले. तेच मातीचे हात.

“मी फाटकाजवळच्या ऑफिसात होते, संस्थेशी फोनवर,” ती बोटांआडून म्हणाली. “आईला बाबांवर सोपवून गेले होते. परत आले तर आई ओसरीवर, हात मातीने भरलेले. मी धुतले. वाटलं, चूल लिंपली असेल. मला काय माहीत? बाबा दिसेनात. वाटलं, रागावून आधीच्या बसने गेले असतील. घरीही नव्हते. वाटलं, मित्राकडे गेले असतील, येऊ देत राग उतरला की. आणि सकाळी झाकणावर ते अंगठे दिसले.” तिने मान वर केली. “तिने मुद्दाम नाही केलं हो. तिला पेव उघडं दिसलं असेल. तिच्या माहेरी, सासरी, उघडं पेव दिसलं की बंद करायचं, मातीने लिंपायचं, आजूबाजूचे दाणे गोळा करायचे, शिडी जागेवर ठेवायची. आत कोणी आहे हे तिला... बाबा कडेला पडले असतील, अंधारात. तिला काही होणार नाही ना, साहेब?”

चाळणीसाहेब चुलीसमोर उकिडवे बसले होते. ते उठले नाहीत.

“तुमच्या आईचं वजन या दगडाच्या निम्मंही नसेल,” ते म्हणाले. “आणि नुसत्या ओल्या मातीने माणूस अडत नाही. तुमचे वडील दांड्याने झाकण ढोसत होते. दगड नसता तर ते उघडलं असतं. दगड कोणी ठेवला?”

“मला तेच कळत नाही,” लेक म्हणाली.

६

गाईडबाई कपडे बदलून फाटकाकडे निघाल्या होत्या. चाळणीसाहेबांनी त्यांना तिकीटखिडकीशेजारच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले; हवालदार समोरच्या पायरीवर टेकला. त्यांनी आवाज चढवला नाही.

“काल तुमच्या पाहुण्यांनी भट्टीवर हात धुतले. लोहाराची कुंडी गढूळ झाली. हात मातीचे होते. चक्कीवर माती नसते, पीठ असतं. कुंभार सुट्टीवर होता. मग माती कुठली?”

बाईंनी मांडीवरची पर्स जवळ ओढली.

“एकाने उंदराचा पिंजरा मागितला. उंदीर त्यांना कुठे भेटले? चक्कीवर? चक्कीवाल्याला मी विचारलं. उंदरांचा विषय तिथे निघाला नव्हता.”

बाईंची पर्स मांडीवरून खाली पडली. त्यांनी उचलली नाही.

“मला चारपाच माणसं हवी होती, दगड उचलायला. दिवसभर कामगार मोजत बसलो मी. आणि गावभर हिंडत होते ते पाहुणे मोजायचे राहून गेले.”

“मला माहीत नव्हतं,” गाईडबाई म्हणाल्या. आणि मग त्यांना थांबवता आलं नाही. “देवाशप्पथ मला माहीत नव्हतं. आम्ही अंगणात आलो तर आजी झाकण लिंपत होत्या. मला काय आनंद झाला! मी नेहमी नुसतं तोंडाने सांगते, काल प्रत्यक्ष दाखवता आलं; झाकण काय, सकाळी पुन्हा उघडता येईल असं वाटलं. मी म्हटलं, बघा, तुमचं नशीब थोर, जुन्या काळी बायका पेव कसं बंद करायच्या ते बघा. आजींनी पाहुण्यांना माती लावू दिली. बायकांनी लावली, पुरुषांनी लावली. अंगठे मात्र आजींनी स्वतः उमटवले.”

“आणि?”

“आणि आतून ठकठक आली.”

तिकीटखिडकीतला माणूस बाहेर डोकावला आणि पुन्हा आत गेला.

“आजी म्हणाल्या, मेले उंदीर. सगळे हसले. मला वाटलं, स्पीकर आहे. संचालकसाहेब म्हणालेच होते की पेवाजवळ नवीन आवाज बसवायचेत. ते कोंबडे नाही का आरवत? मी म्हटलं, बसवला वाटतं. पुन्हा ठकठक आली, झाकण थोडं हललं. ओली माती होती, मला वाटलं बसत नाहीये नीट. मी म्हटलं, आजी, वर दगड लागतो ना? त्या म्हणाल्या, लागतो तर! मग त्या जाड्या गृहस्थाने बाह्या सरसावल्या. पाचसहा जणांनी मिळून उचलला. एक दोन तीन म्हणत. ठेवल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजींना मध्ये घेऊन फोटो काढले.”

“ठकठक?”

“चालू होती. मग आम्ही भट्टीकडे गेलो.”

हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“आज सकाळी झाकण उघडलं तेव्हा मी अंगणातच होते,” बाई म्हणाल्या. “खाली बघितलंही नाही मी. मला आधीच कळलं. स्पीकरची तार कुठेच नव्हती, साहेब. पेवापर्यंत तार आलेलीच नव्हती. काल बघितली असती तर... एकदा खाली मान घालून बघितलं असतं तर.”

७

पुढे फारसं काही झालं नाही. अशा गोष्टींत होण्यासारखं काही उरतच नाही. चाळणीसाहेबांनी अपघाती मृत्यू असं लिहिलं. वरिष्ठांनी विचारलं, त्या पाहुण्यांना शोधून जबाब घ्यायचे का? साहेब म्हणाले, नको. कुठल्या कुठल्या घरांत ते फोटो असतील, दगडावर हात ठेवून हसणारे लोक, मध्ये आजी. त्यांना सांगून मेलेला माणूस परत येणार नव्हता आणि आणखी पाचसहा घरांतली झोप तेवढी उडाली असती. खोटं बोलल्याबद्दल गाईडबाईंना त्यांनी समज दिली. त्याची गरज नव्हती. त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत. एका दुकानात हिशेबाला बसतात आणि गिऱ्हाइकाशी कामापुरतंच बोलतात, असं नंतर कळलं.

लोहार मात्र तपासाच्या शेवटच्या दिवशी साहेबांची वाट अडवून उभा राहिला.

“माझी भट्टी अंगणापासून किती लांब आहे हो? मी घण घालत नसतो तर मला ऐकू आलं असतं का?”

“नसतं आलं,” चाळणीसाहेब म्हणाले. ते खरं होतं की नाही, हे त्यांनी तपासलं नव्हतं. तपासणारही नव्हते.

त्याच दिवशी ते ओसरीवर आजींशेजारी बसले. लेक खांबाला टेकून उभी होती. साहेबांना कागदावर लिहायला एक जबाब हवा होता. पण त्याहून जास्त त्यांना आशा होती की आजींना काही म्हणजे काहीच आठवत नसेल.

“आजी, पेव तुम्ही बंद केलंत?”

“मग काय उघडं टाकू? यांना सवयच आहे, काम अर्धं टाकून उठायचं.” त्यांनी सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. “आणि उंदीर तरी किती! ठोकत होते नुसते. मी म्हटलं, ठोका. किती वेळ ठोकाल?” त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. “मग झाले हळूहळू गप्प.”

पाहुणे गेल्यावर आजी तिथेच बसून होत्या. शेवटपर्यंत. ऐकत. लेकीला ते आत्ता कळलं. ती खांबाला धरून खाली खाली बसत गेली.

८

दोन महिन्यांनी चाळणीसाहेब आजोबांचं घड्याळ आणि चपला परत द्यायला लेकीच्या फ्लॅटवर गेले. ते काम हवालदाराचं होतं, पण ते स्वतःच गेले. जिन्यातूनच आतला आवाज ऐकू येत होता. “मला घरी न्या, मला घरी न्या.” शेजारच्या दारावर कोणीतरी ‘शांतता राखा’ असं छापून चिकटवलं होतं.

लेकीने दार उघडलं. ती ओळखू येईना इतकी वाळली होती. तिने चहा ठेवला. आजी खिडकीच्या गजांना धरून उभ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“संस्थेचं काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“घेत नाहीत. बातमी वाचली त्यांनी. म्हणाले, इतर माणसांच्या जिवाला धोका.” तिने घड्याळ हातात घेऊन कानाला लावलं. ते बंद पडलं होतं. “सुरुवातीला मी तिला सांगितलं होतं, बाबा गेले म्हणून. इतकी रडली, साहेब. ऊर बडवून रडली. तासाभराने विचारते, कुठे गेलेत हे? मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तितकीच रडली. तिसऱ्यांदा मी नाही सांगितलं.”

“कोणी मदतीला नाही?”

“कोण येणार?”

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, पण उतू गेलेला चहा पुसला नाही. तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली.

“रागावू नका, एक विचारू? मी कबूल केलं होतं ना तुमच्यापुढे. तुम्ही ते तसंच का नाही ठेवलंत?”

“तुम्ही केलं नव्हतं.”

“हो. पण मी आत गेले असते. आईला सरकारला कुठेतरी ठेवावंच लागलं असतं. आणि मला एक खोली मिळाली असती. दार बाहेरून बंद. कोणी हाक मारणारं नाही. पहिले काही दिवस तरी मी नुसती झोपले असते.” ती हसली नाही आणि रडलीही नाही. “मी तिला वाचवायला खोटं बोलले, असं सगळे म्हणतात. चांगली मुलगी म्हणतात. तुम्हीही तसंच लिहिलं असेल.”

चाळणीसाहेबांनी तसंच लिहिलं होतं.

आयुष्यभर ते लोकांच्या बोलण्यातून खडे वेचत आले होते. या बाईच्या बोलण्यात एकही नव्हता. ते उठले, चपला घातल्या.

“साहेब,” ती मागून म्हणाली. “जाताना बाहेरून कडी घालाल? आतली आई उघडते. शेजारीण रोज कामावर जाताना घालते, आज विसरली. संध्याकाळी आली की काढेल.”

“तुम्ही आत आहात ना?”

“हो. घाला.”

ते जिन्यावर आले. दार ओढून घेतलं. आत आजींचा आवाज पुन्हा चढला होता आणि लेक काहीच बोलत नव्हती. चाळणीसाहेबांनी कडी हातात धरली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती घातली.